गाडी इथं थांबत नाई, साहेब

विहिरीच्या काठावरच्या त्या दोन चपला मला आजही जशाच्या तशा दिसतात. त्या घाईत पडलेल्या नव्हत्या. देवळात जाताना काढून ठेवाव्यात तशा शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. पोलीस खात्यात मी पस्तीस वर्षे काढली. दरोडे पाहिले, खून पाहिले, एकदा माझ्याच डोक्यावर उगारलेली कुऱ्हाडही पाहिली. तरी घरी कोणी विचारले की सगळ्यात अवघड तपास कोणता, तर मी याच प्रकरणाचे नाव घेतो. यातल्या कोणा माणसाचे नाव मी लिहिणार नाही, गावाचेही नाही. त्या भागातल्या जुन्या लोकांना ओळख पटेल. पटली तर त्यांनी ती आपल्यापाशीच ठेवावी.

काळ एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या मधला. मी उपनिरीक्षक होतो आणि मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीतल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. माझे घर शेजारच्या बैतूल जिल्ह्यातले, मराठी बोलणारे. ठाण्याचे सगळे कागद मात्र हिंदीत. माणूस मराठीत रडायचा आणि मी ते हिंदीत लिहायचो. या दोहोंच्या मध्ये बरेच काही सांडून जाते, हे कळायला मला उशीर लागला.

आमच्या हद्दीतून छिंदवाड्याहून नागपूरकडे जाणारी छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, होती. सौंसर आणि लोधीखेड्याच्या मधे त्या लाइनवर एक स्टेशन होते. जुने लोक सांगत की जवळच्या मॅंगनीजच्या खाणीसाठी इंग्रजांच्या काळात ते बांधले गेले. खाणीपासून एक फाटा यायचा, डब्यांत खनिज भरले जायचे, दोन खोल्यांची दगडी इमारत, मास्तरचे क्वार्टर, एक पक्की विहीर. खनिजामागून संत्र्यांच्या टोपल्या आणि कापसाची गाठोडी आली. बाजाराच्या दिवशी फलाटावर पाय ठेवायला जागा नसायची म्हणत. मग खाण बंद पडली. संत्री ट्रकने जाऊ लागली. आधी मास्तर गेला, मग तिकिटाची खिडकी बंद झाली, आणि मी तिथे यायच्या वर्ष-दीड वर्ष आधी स्टेशनच बंद झाले. नावाची पाटीसुद्धा काढून नेली. मागे राहिला तो एक म्हातारा काटेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा माणूस. निवृत्त झाला होता, मागेपुढे कोणी नव्हते. क्वार्टरच्या एका खोलीत राहायचा. त्याला कोणी तिथून उठवले नाही.

स्टेशनजवळच्या गावाला डांबरी रस्ता नव्हता. बससाठी दीड कोस चालावे लागे, मधे नाला. गावातली विहीर मचूळ, म्हणून बाया पाण्याला स्टेशनच्या विहिरीवर येत.

आंबिया बहाराची संत्री उतरत होती आणि कापसाची वेचणी चालू होती. सकाळी मी ठाण्यात हजेरी घेत होतो, तेव्हा त्या गावचा कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, धापा टाकत आला.

"साहेब, टेशनच्या विहिरीवर घागर हाय, चपला हाय. बाई नाई."

"कोणाची बाई?"

त्याने घर सांगितले. वीस-बावीस वर्षांची सून, माहेर पांढुर्ण्याचे. लग्नाला चार वर्षे झालेली, मूल नाही.

"केव्हापासून नाही?"

"काल दुपारी पाण्याले गेली. घरच्यायले वाटलं, माहेरी गेली असन."

घागर विहिरीवर टाकून अनवाणी कोणी माहेरी जात नाही. मी रोजनाम्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, रवानगी टाकली आणि दोन शिपाई व हवालदारांना घेऊन निघालो. आमच्याकडे हवालदाराला दिवाणजी म्हणतात. हे दिवाणजी याच मुलखात पंधरा वर्षे होते आणि माझ्यापेक्षा वयाने वडील होते.

पंचनामा केला. घागर भरलेली होती. दोर आत सोडलेला नव्हता, गुंडाळून ठेवला होता. विहिरीत दोन पोहणारे उतरवले, त्यांनी गळ फिरवला, हाती काही लागले नाही. तळाला गाळ फार, म्हणाले. मग एका बागाईतदाराचे डिझेल इंजिन आणून पाणी उपसायला लावले. विहिरीभोवती सगळे गाव उभे होते. इंजिन धडधडत होते आणि पाणी हाताहाताने खाली जात होते. प्रत्येक हाताला लोक काठावर आणखी वाकायचे. दुपारी नागपूरकडे जाणारी गाडी शिटी मारत आली आणि भरधाव निघून गेली. मी गावकऱ्यांकडे पाहिले. सगळे विहिरीत पाहत होते. गाडीकडे एकानेही मान वळवली नाही. हे मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

तळ लागला. गाळ, तुटलेल्या बादल्या, एक जुना कंदील. बाई नव्हती.

तोवर मी तिच्या घरी जाऊन आलो होतो. चुलीजवळ फुटलेल्या बांगड्या सापडल्या. नवऱ्याच्या उजव्या हातावर नखांचे ताजे ओरखडे होते. मी विचारले, काल दुपारी कुठे होतास? तो म्हणाला, कापसाच्या वावरात. वावरात वेचणी करणाऱ्या बायांनी सांगितले, आला नव्हता. मग म्हणाला, बैल शोधायला गेलो होतो. मग तिसऱ्यांदा खाली पाहून म्हणाला, मोहाच्या दारूच्या भट्टीवर होतो. तीन वेगळे जबाब देणारा माणूस पोलिसाला नेहमी आवडतो. दुपारी तीनच्या सुमारास मी त्याला ताब्यात घेतले. म्हणजे दुसऱ्या दिवशी तीनच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करणे भाग होते.

त्याला जीपमध्ये बसवत असताना पांढुर्ण्याहून तिचे भाऊ आले. एक ट्रक आणि एक जीप भरून माणसे. दोघेही भाऊ बाजारपेठेतले, दुकानदार. थोरला भाऊ ट्रकमधून उतरला तोच छाती पिटत.

"आमच्या बहिणीले मारलं यायनं! विहिरीत नाई तर वावरात गाडली असन! माय नाई थिले, बाप नाई. आम्ही लेकरासारखी वाढवली साहेब!"

लोक जीपवर धावून आले. एक दगड काचेवर बसला. दिवाणजींनी नवऱ्याला खाली दाबले आणि स्वतः त्याच्यावर वाकले. मी कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून थोरल्याच्या समोर उभा राहिलो.

"दगड मारून बहीण सापडणार आहे का?"

"उद्या संध्याकाळपर्यंत पाहू साहेब," धाकटा शांतपणे म्हणाला. त्याचा तो शांतपणा मला दगडापेक्षा वाईट वाटला. "तुमच्यानं नाई झालं तर याच्या घराचं काय करायचं थे आमी पाहू."

त्या घरात नवऱ्याची म्हातारी आई होती, बाईची थोरली जाऊ होती आणि तिची दोन लहान मुले. मी दोन्ही शिपाई दारावर बसवले. दोन शिपाई तीस माणसांना थांबवू शकत नाहीत, हे मलाही ठाऊक होते आणि भावांनाही. त्यांची माणसे गावाबाहेरच्या आंब्याखाली मुक्काम करून बसली.

ठाण्यात नवऱ्याची विचारपूस सुरू झाली. "विचारपूस" हा कागदावरचा शब्द. मी त्याला मारले. चार-पाच थपडा. आज लिहिताना शरम वाटते, पण लिहिले नाही तर ही हकीकत खोटी होईल.

"मारलं मी थिले," तो रडत म्हणाला. "काल सकाळी मारलं. भाकर करपली म्हणून. पण जीव नाई घेतला जी. आईची आन."

"रोज मारतोस?"

त्याने नजर हातावरच्या ओरखड्यांकडे वळवली.

"काऊन मारतोस?"

"लेकरू नाई," तो म्हणाला, जणू त्यात सगळे उत्तर आले.

मला त्याची किळस आली, आणि त्या किळसेमुळे तोच खुनी आहे असे मला वाटू लागले. ही तपासातली फार धोक्याची जागा असते. माणूस वाईट आहे एवढे सिद्ध झाले की आपण पुढचे सिद्ध करायचे विसरतो. वरून फोन आला: पांढुर्ण्याच्या लोकांनी वर तक्रार केली आहे, उद्या हजर करताना खुनाचे कलम लावा, रिमांड घ्या, प्रेत नंतर सापडेल. मी "जी सर" म्हणालो.

बाकीच्यांचे जबाब दिवाणजींनी घेतले होते. गावातून बाहेर पडायची वाट विचारली होती. बसच्या फाट्यावर तिला कोणी पाहिले नव्हते. तिथला चहावाला तर तिला नावानिशी ओळखत होता. राहिली रेल्वे. त्याबद्दल सरपंचापासून दळणवाल्यापर्यंत सगळ्यांचे उत्तर एकच: "गाडी इथं थांबत नाई, साहेब. दोन वर्सं झाली."

दिवाणजींनी कागद माझ्यापुढे सरकवले.

"साहेब, वाचून पाहा. सहा माणसं, सहा जबाब, अन् वाक्य एकच. एक शब्दही मागंपुढं नाही."

"खरंच थांबत नाही, म्हणून एकच असेल."

"खरं बोलणारा माणूस फाटे फोडतो साहेब. एकानं म्हणावं, थांबत नाही पण परवा हळू झाली होती. दुसऱ्यानं म्हणावं, थांबत नाही म्हणून आमचे हाल होतात. गाडी बंद झाल्याची तक्रार एकानंही नाही केली. ज्या गावाचं टेशन गेलं ते गाव रडत नाही, हे मी पहिल्यांदा पाहून राहिलो."

मी जबाबांचे कागद पुन्हा चाळले. त्यांच्या बोलण्याने मला दुपारची ती गाडी आठवली, आणि तिच्याकडे न वळलेल्या माना आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही दोघेच, साध्या कपड्यांत, पुन्हा स्टेशनवर गेलो. विहिरीकडे न जाता मी फलाटावर चढलो. आदल्या दिवशी मी फलाट पाहिलाच नव्हता. बाईच्या चपला विहिरीपाशी, म्हणून आम्ही सगळे विहिरीपाशी.

फलाटावर गुडघ्याच्या वर गवत माजले होते, घाणेरीची झुडपे होती. पण सौंसरच्या बाजूच्या टोकाला पंधरा-वीस हात जागा साफ होती. माती पायांनी घोटून गुळगुळीत झालेली. कडेला संत्र्यांची साले; काही वाळून काळी पडलेली, काही दोन-चार दिवसांची. आणि गवताच्या मुळाशी दिवाणजींना पुठ्ठ्याचे एक रेल्वे तिकीट सापडले. सावनेरपासून सौंसरपर्यंतचे. त्यावरची तारीख मागच्या आठवड्यातली होती.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सौंसरला उतरणाऱ्याचे तिकीट सौंसरच्या फाटकावर जमा होते. हे तिकीट इथे पडले होते, कारण ते घेऊन कोणी तरी इथेच उतरले होते.

काटेवाला म्हातारा क्वार्टरच्या दारात दात घासत बसला होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"बाबा, इथं गाडी थांबते?"

"नाई थांबत साहेब. दोन वर्सं झाली."

"मग फलाटाच्या त्या टोकाचं गवत कोण तुडवतं?"

"ढोरं बसतात जी."

"ढोरं संत्री सोलून खातात का?" असे म्हणून मी तिकीट त्याच्या पुढे धरले. "आणि सावनेरहून तिकीट काढून येतात?"

त्याने तिकिटाकडे पाहिले, मग लोट्यातले पाणी घेऊन चूळ भरली. लोटा बाजूला ठेवला. तोंड मात्र घट्ट मिटले.

मी त्याला धमकी दिली नाही. फक्त आज काय होणार ते सांगितले. "तीन वाजता मी तिच्या नवऱ्याला कोर्टात उभं करणार. खुनाचं कलम लावणार."

"लावा," म्हातारा एकदम म्हणाला. त्या शब्दात इतका राग होता की मी चमकलो. "लावा साहेब. थो त्याच लायकीचा हाय."

"म्हणजे त्यानं मारलं तिला?"

तो पंच्याने तोंड पुसू लागला.

"बाबा, तिचे भाऊ आंब्याखाली बसले आहेत. आज संध्याकाळी ते त्याचं घर पेटवतील. नवरा तर माझ्या कोठडीत सुरक्षित आहे. घरात म्हातारी आहे आणि त्याच्या भावाची दोन लेकरं आहेत. दारावर माझे दोनच शिपाई आहेत."

म्हाताऱ्याने रुळांकडे पाहिले. मग म्हणाला, "थो मारकुटा हाय साहेब. पण खुनी नाई. थे जित्ती हाय."

दिवाणजींनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मग त्याने सगळे सांगितले. स्टेशनच्या पुढे चढ आहे, तिथे गाडी तशीही दमायची. एक ड्रायव्हर होता, या लाइनवर म्हातारा झालेला. स्टेशन बंद झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने फलाटावर एका बाळंतिणीला तापाने फणफणताना पाहिले आणि गाडी माणसाच्या चालीवर आणली. तेव्हापासून त्याची पाळी असली की म्हातारा पंचा हलवायचा आणि गाडी हळू व्हायची. लोक चढायचे, उतरायचे. पुढच्या स्टेशनवर तिकीट काढायचे, फुकट कोणी जात नव्हते. हे वर कळले असते तर ड्रायव्हरची नोकरी गेली असती. म्हणून गावाने ठरवले होते, लेकरांनाही शिकवले होते: कोणी विचारले तर गाडी इथे थांबत नाही. काल फलाटाजवळ खाकी कपडे दिसले, म्हणून म्हाताऱ्याने पंचा हलवला नाही.

"अन् परवा?"

"परवा थे घागर घेऊन आली. तोंडावर वळ होते. विहिरीवर बसून राहिली, बसून राहिली. मले वाटलं, आता उडी घेते. मी जवळ जाऊन बसलो. थे म्हणे, बाबा, आज गाडी हळू होते का? मी म्हटलं, होते. थे उठली. मी म्हटलं, पोरी, पायात तरी घाल. तर थे म्हणे, राहू द्या बाबा. दोन दिवस विहिरीतच शोधतीन."

"कुठं गेली?"

"मी सांगतो साहेब. पण एक करा. ड्रायव्हरचं नाव कागदावर आणू नका. त्याच्या नोकरीले सहा महिने राहिले."

मी वचन दिले नाही. पोलिसाने वचन देऊ नये. पाहू म्हणालो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तेवढ्यावर समाधान मानले.

ती सावनेरला गेली होती, पांढुर्ण्याच्या शाळेत तिला शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंकडे. निवृत्तीनंतर त्या तिथे स्थायिक झाल्या होत्या. आम्ही जीप थेट तिकडे घेतली. पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. सावनेरच्या ठाण्यात नियमाप्रमाणे नोंद केली, तिथला एक शिपाई सोबत घेतला आणि अकराच्या सुमारास एका कौलारू घराची कडी वाजवली.

दार तिनेच उघडले. डावा डोळा सुजलेला, ओठ फाटलेला. अंगावर बाईंचे जुने लुगडे, पायात बाईंच्याच मोठ्या चपला. आम्ही साध्या कपड्यांत होतो, तरी तिने मला ओळखले. ती दोन पावले मागे सरली.

"मी मेली असंच राहू द्या ना साहेब," ती म्हणाली.

आतून बाई आल्या आणि तिच्यापुढे उभ्या राहिल्या. पांढऱ्या केसांची, हातात कात्री असलेली ती शिक्षिका मला म्हणाली, "ती सज्ञान आहे. तिला इथून कोणी नेणार नाही."

"नेणार नाही," मी म्हणालो. "पण तिचा नवरा खुनाच्या आरोपाखाली माझ्या कोठडीत आहे. तीन वाजेपर्यंत मला उत्तर द्यायचं आहे."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटले, ती म्हणेल की सडू द्या त्याला. तिने विचारले, "घरी लेकरं हायत जावेची. थे बरी हायत?"

मी भावांचे सांगितले. ट्रक, आंब्याखालचा मुक्काम, घर पेटवायची भाषा. तेव्हा ती हसली. फाटलेल्या ओठातून रक्त आले.

"दोनदा गेली होती मी त्यायच्याकडे. अंगावरचे वळ दाखवले. दोन्ही वेळा दादानं सोताच्या हातानं बसमध्ये बसवून परत पाठवलं. म्हणे, पोरीची जात, सहन कर. आता मेली म्हणून ट्रक घेऊन आला?"

तिने पदराने ओठ टिपला. मग ती उठली. "चला. त्याले सोडा. मी बयान देते. पण परत सावनेरले येईन. तसं लिहून द्या."

मी लिहून दिले, सावनेरच्या शिपायाची साक्ष घेऊन. बाई तिच्यासोबत जीपमध्ये बसल्या.

अडीच वाजता आम्ही सौंसरच्या कोर्टाच्या आवारात पोहोचलो. ती सापडल्याची बातमी पसरू नये म्हणून मी कोणालाच कळवले नव्हते. लिंबाच्या झाडाखाली नवऱ्याला हजर करणार म्हणून आलेले तिचे भाऊ आणि त्यांची माणसे उभी होती. पलीकडे ठाण्यातून आलेल्या शिपायांच्या मधे बेड्या घातलेला नवरा. जीपमधून ती उतरली आणि सगळे आवार गप्प झाले.

मी थोरल्या भावाकडे पाहत होतो. आदल्या दिवशी छाती पिटणारा तो माणूस आता धावत येईल, तिला कवटाळेल, असे मला वाटले. तो एक पाऊल मागे सरला. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"नाक कापलं आमचं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "याच्यापेक्षा विहीर बरी होती."

ते तिने ऐकले. दिवाणजींनीही ऐकले, आणि पहिल्यांदाच त्या शांत माणसाची काठी जमिनीवर आपटलेली मी पाहिली. मेलेल्या बहिणीसाठी तीस माणसे आली होती. जिवंत बहिणीजवळ एक जण पुढे आला नाही. धाकट्याने खूण केली, माणसे ट्रककडे चालू लागली आणि पाच मिनिटांत आवार रिकामे झाले. नवरा तेवढा "तू हाय... तू हाय..." असे पुटपुटत खाली बसला.

मॅजिस्ट्रेटसमोर तिचे बयान झाले. ती म्हणाली, मला कोणी पळवले नाही, मी माझ्या मनाने गेली. साहेबांनी विचारले, गावातून निघालीस कशी? तिने एक क्षण माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "लाइनीच्या कडेनं पायी गेली लोधीखेड्यापर्यंत. तिथून गाडीत बसली."

हे खोटे होते, आणि ते खोटे आहे हे त्या खोलीत मला ठाऊक होते. सांधा जुळत होता, कोणाचे नुकसान होत नव्हते. मी गप्प राहिलो. केस डायरीतही तसेच लिहिले. ते तिकीट मी जप्तीत दाखवले नाही. हा माझा दोष समजायचा तर समजावा. ड्रायव्हर पुढे सन्मानाने निवृत्त झाला. आज तो नाही, काटेवाला बाबा नाही, आणि ती छोटी लाइनही राहिलेली नाही. म्हणून लिहिण्याची हिंमत करतो.

पण बयान तेवढ्यावर संपले नव्हते. मॅजिस्ट्रेट साहेबांनी शेवटी विचारले, "इतका त्रास होता तर पोलिसांकडे का गेली नाहीस?"

"गेली होती," ती म्हणाली. "पोळ्याच्या दोन दिवस आधी. हे साहेबच खुर्चीवर होते. कागद लिहून राहिले होते. मान वर न करता म्हणाले, घरचा मामला आहे, भावाला घेऊन ये."

माझ्या कानशिलात कोणी तरी मारल्यासारखे झाले. दारात तिने मला लगेच का ओळखले आणि मागे का सरली, ते आता कळले. मला तिचा चेहरा आठवत नव्हता. खूप ताण दिला तरी आठवला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेकीची जत्रा, असते, तिथे दर वर्षी आमच्या ठाण्याची माणसे बंदोबस्ताला जातात. मी त्यांची यादी लिहीत असणार. ठाण्यात परतल्यावर मी त्या दिवसाचा रोजनामा काढला. तिच्या येण्याची नोंद नव्हती. माझ्याच अक्षरात लिहिले होते, हद्दीत शांतता, विशेष काही नाही.

मी सावनेरला पुन्हा गेलो. बायकोला छळणाऱ्या नवऱ्यासाठी तेव्हा कायद्यात नवीन कलम आले होते. आम्हाला स्वतःलाच ते नीट ठाऊक नव्हते. मी तिला ते समजावून सांगितले आणि विचारले, रिपोर्ट लिहू का. तिने मशीनवरची शिवण पुरी केली. मग म्हणाली, "आता लिहता?" त्यात टोमणा नव्हता, खरेच विचारत होती. मी म्हणालो, आता लिहितो. तिने सांगितले, मी लिहिले. खटला रखडला, गावातला एकही साक्षीदार टिकला नाही. शेवटी तिने सोडचिठ्ठी घेतली आणि सावनेरलाच राहिली. पुढे तिने स्वतःचे शिवणकामाचे दुकान काढले, असे दिवाणजींकडून कळले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, याचा विचार मी नोकरीभर केला. खोटे बोलणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार नसतो. तो कोणाला तरी झाकत असतो, आणि कोणाला ते विचारावे. हे मी नव्या उपनिरीक्षकांना नेहमी सांगत आलो. पण यातली खरी टोचणारी गोष्ट मी त्यांना सहसा सांगितली नाही. त्या गावाने एका परक्या ड्रायव्हरसाठी दोन वर्षे तोंड मिटून ठेवले. मला त्या गावाचे कौतुक वाटले होते. मग लक्षात आले, त्याच गावाने चार वर्षे तिच्या किंकाळ्या ऐकल्या होत्या आणि तेव्हाही तोंड असेच मिटून ठेवले होते. तीच माणसे, तेच मौन. एकाची नोकरी त्याने वाचली, दुसरीला त्याने विहिरीच्या काठापर्यंत नेले. आणि गावाला नावे ठेवायची सोय मला राहिली नव्हती, कारण तिसरे मौन माझ्या अक्षरात रोजनाम्यात होते.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात माझी बदली झाली, तिथे नोंदी लिहिणाऱ्या मुन्शीला माझा पहिला हुकूम एकच असे: बाई पायरी चढून आली की आधी तिचे नाव आणि वेळ लिहायची, मामला घरचा की बाहेरचा, ते नंतर ठरवायचे. काही ठाण्यांत तो पाळला गेला. काही ठिकाणी माझी बदली होताच बंद पडला, असे ऐकले. मी स्वतः मात्र शेवटच्या दिवसापर्यंत कोणी समोर येऊन उभे राहिले की हातातली लेखणी आधी खाली ठेवत आलो.